कोअर कुणाचे मोजायचे? लायसन्सविषयी प्रश्नोत्तरे

प्रोसेसरवर मोजल्या जाणाऱ्या लायसन्सबद्दल विचारणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात: सॉफ्टवेअर वापरतं तेवढेच कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) मोजायचे, की मशीनमध्ये आहेत तेवढे सगळे?

प्रश्न : हायपरथ्रेडिंगमुळे (एका कोअरला एकाच वेळी दोन कामं देण्याची सोय) १६ कोअरचे ३२ थ्रेड दिसतात. ओरॅकल एंटरप्राइज एडिशन या डेटाबेसला काय धरायचं?

स्वतःच्या सर्व्हरवर १६. इंटेलचा कोअर फॅक्टर (कोअरच्या संख्येला गुणायचा ओरॅकलचा आकडा) ०.५, म्हणजे ८ लायसन्स.

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसच्या व्हीएमला (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेलं आभासी मशीन) दोनच कोअर दिलेत. दोन लायसन्स चालतील?

नाही. किमान चार.

प्रश्न : व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या सर्व्हरचा गट) तीन होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, आहेत, प्रत्येकात १६ कोअरचे दोन इंटेल प्रोसेसर. ओरॅकल एंटरप्राइज एडिशन आठ व्हीसीपीयूच्या (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) एकाच व्हीएमवर आहे. विक्रेता म्हणतो, चार लायसन्स पुरतील.

त्याने हे लेखी दिलंय का? द्यायला सांगा, मग बघा काय होतं ते. तीन होस्टचे मिळून ९६ कोअर, त्याच्या निम्मे ४८. ओरॅकलचा माणूस हाच आकडा पुढे ठेवेल. त्यांच्या लेखी व्हीएमवेअर म्हणजे सॉफ्ट पार्टिशनिंग (सर्व्हरची नुसती सॉफ्टवेअरने केलेली विभागणी, जी मोजणी कमी करायला ते मानत नाहीत), त्यामुळे मोजणी आठ व्हीसीपीयूवर थांबत नाही. चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येते, म्हणून सगळे होस्ट मोजायचे, असं त्यांचं म्हणणं. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ६.० या आवृत्तीपासून ती दुसऱ्या व्हीसेंटरखालीही (क्लस्टर सांभाळणारं नियंत्रण सॉफ्टवेअर) नेता येते, तेव्हा मागणी एका क्लस्टरपुरती राहीलच असं समजू नका.

आता दुसरी बाजू. ओरॅकल बोट ठेवतं ते पार्टिशनिंगचं धोरण माहितीपुरतं आहे, कराराचा भाग नाही, असं त्याच कागदावर छापलेलं आहे. कुठले प्रोसेसर मोजायचे यासाठी करारात शब्द असतात ते ‘इन्स्टॉल केलेलं किंवा चालू असलेलं’. वाद होतो तो या शब्दांवर. पण तेवढ्या बळावर ‘घाबरू नका, काही होत नाही’ सांगणारे सल्लागार मला रोज भेटतात आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. ऑडिटच्या पत्रावर उत्तर त्यांना द्यायचं नसतं. एका कंपनीत ‘आमची व्हीएम कधीच हलली नाही’ असं सगळे शपथेवर सांगत होते. लॉग (सिस्टिमच्या नोंदी) उघडला, तर पॅचिंगच्या (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवण्याच्या) रात्री ती दुसऱ्या होस्टवर जाऊन आलेली.

डेटाबेसला वेगळा क्लस्टर द्या, लॉग जपून ठेवा, आणि मूळ करार लायसन्सच्या जाणकाराकडून व वकिलाकडून आत्ताच वाचून घ्या. ऑडिटचं पत्र हातात पडल्यावर नव्हे.

प्रश्न : आयबीएमचं आयएलएमटी, म्हणजे लायसन्सचा वापर मोजणारं टूल, पुढच्या वर्षी बसवलं तर?

पुढच्या वर्षी का? सब-कपॅसिटीची सवलत (अख्ख्या सर्व्हरऐवजी व्हीएमपुरतंच मोजायची) घेतलीत की ९० दिवसांत ते बसलं पाहिजे, दर तिमाहीला रिपोर्ट निघाला पाहिजे आणि तो दोन वर्षं जपला पाहिजे. दोन सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागा) इंटेल सर्व्हरवर कोअरला ७० पीव्हीयू (आयबीएमचं लायसन्स मोजायचं एकक) धरा. आठ कोअरच्या व्हीएमला ५६० लागतात. रिपोर्ट नसेल तर ३२ कोअरच्या अख्ख्या सर्व्हरचे २,२४०. तुमच्या करारातल्या अटी तपासून घ्या, पण टूल आधी बसवा.

प्रश्न : ओरॅकलचा स्टँडबाय (मुख्य बंद पडला तर कामाला येणारा राखीव) सर्व्हर दहा दिवस फुकट असतो ना?

ऐकीव गोष्ट, आणि तीही अर्धी. ती सूट सामाईक स्टोरेजवरच्या फेलओव्हर क्लस्टरमधल्या (एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो असा गट) एका नोडला, म्हणजे एका सर्व्हरला, वर्षात एकूण दहा दिवसांपर्यंत. डेटा गार्डच्या (डेटाबेसची वेगळी प्रत सतत ताजी ठेवणारी ओरॅकलची सोय) स्टँडबायला पूर्ण लायसन्स लागतं. तुमचा यांपैकी कुठला, हे डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) आजच विचारा.