'डिडन्ट वेंट' मध्ये नेमकं काय चुकतं?

बोरिवलीच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांचा पाचवीतला मुलगा सारखा 'ही डिडन्ट वेंट' लिहितो, बाई वेंट खोडून गो करतात, आणि मुलाचं म्हणणं असं की गोष्ट कालची आहे तर मग वेंट का नको, आणि घरात कुणालाच ते नीट सांगता येत नाहीये.

ताई, मुलाची शंका अगदी रास्त आहे. तो मराठीच्या वळणाने जातोय. आपण 'तो गेला' चं नकारार्थी 'तो गेला नाही' असं करतो, गेला जसाच्या तसा आणि वर नाही. त्याने तेच केलंय फक्त. इंग्रजीत मात्र साध्या वर्तमान आणि साध्या भूतकाळात खूण एकाच क्रियापदावर बसते, आणि वाक्यात डू आला की ती खूण डू घेतो. म्हणजे वेंटमधला भूतकाळ डिडकडे गेला, मागे राहिला नुसता गो. गोजमधला शेवटचा ज डजकडे गेला, म्हणून 'डज ही गो', तिथे परत गोज नाही.

आणि हे आपल्याला परकं अजिबात नाहीये! वर्तमानकाळात आपणही हेच करतो की. 'तो जातो' चं 'तो जातो नाही' कुणी म्हणतं का? 'जात नाही' म्हणतो, जातोचा प्रत्यय गळून पडतो आणि मग तू जात नाहीस, ते जात नाहीत, म्हणजे बदल सगळा नाहीवर, जात तिथेच. मुलाला हे दाखवा, माझ्या मते कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर कळेल.

गंमत म्हणजे काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत मराठीसारखीच रचना चालायची, 'ही वेंट नॉट', शब्दाला शब्द 'तो गेला नाही'. १६११ च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात अशी वाक्यं भरपूर सापडतात, आणि गोजच्या जागी तिथे गोएथ आहे. पण त्याच सुमाराला, सोळाव्या-सतराव्या शतकात, नकार आणि प्रश्नात डू घालायची पद्धत वाढत गेली आणि पुढे ती पक्कीच झाली.

आता वेंटबद्दल, कारण गो चं गोएड का नाही हा पुढचा प्रश्न येणारच. वेंट हे मुळात गोचं रूपच नाही, ते वेंड या वेगळ्या क्रियापदाचं भूतकाळी रूप, सेंड-सेंट, बेंड-बेंट सारखं. गोचं स्वतःचं जुनं रूप मागे पडलं आणि ही जागा वेंटने घेतली. आपल्याकडेही जाणेचं जाला होत नाही, गेला होतं, कारण जा आला संस्कृतातल्या 'या' (म्हणजे जाणे) धातूवरून आणि गेला आला 'गम्' या दुसऱ्या धातूवरून, म्हणजे दोन्ही भाषांत नेमकं याच क्रियापदाला उसनं रूप लागलं, मला हे फार आवडतं.

पुट, कट, हिट यांना भूतकाळात काहीच लागत नाही, त्यामुळे 'ही पुट द बॅग हिअर' मध्ये शेवटी स नाही एवढ्यावरूनच ती कालची गोष्ट आहे हे कळतं. 'आय पुट' असेल तर मात्र आजूबाजूची वाक्यं बघावी लागतात.

एक सांभाळा, 'प्रश्न आला की डिड घाल' असं सरसकट शिकवू नका. 'हू वेंट?' मध्ये हू स्वतःच कर्ता आहे, तिथे डू येत नाही आणि वेंट वेंटच राहतो. पण 'व्हेअर डिड ही गो?' मध्ये कर्ता ही आहे, म्हणून डिड आला आणि वेंटचा गो झाला. वॉज, वेअरलाही डू लागत नाही, 'वॉज ही ॲट होम?' एवढंच पुरतं.