पद्मिनी घरी दुरुस्त करायचीये? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बरीच वर्षं घरामागच्या शेडमध्ये उभीच आहे. गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवून पूर्ण काम करावं लागेल आणि मग डेंटिंग-पेंटिंग, खर्च ऐकून गप्प बसलो. मला पान्यांचं काम येतं, स्कूटरचं सगळं घरीच करतो. पद्मिनीचं किती काम स्वतः जमेल, आणि सुरुवात कुठून करू? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बरंचसं जमेल. इंजिन उतरवायची घाई मात्र अजिबात करू नका. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे ते, एक कार्बोरेटर, एक डेल्को (प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर), सेन्सर वगैरे काही नाही, आणि उभ्या गाडीचं इंजिन सुरू होत नाही म्हणजे ते गेलं असं नसतं, बहुतेक वेळा सडलेलं पेट्रोल, डेल्कोतले गंजलेले पॉइंट आणि मेलेली बॅटरी एवढंच असतं.

पण तुम्ही रत्नागिरीचे म्हटल्यावर मला इंजिनापेक्षा पत्र्याची काळजी जास्त वाटते. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, त्यामुळे फ्लोअर आणि दरवाज्यांच्या खालची पोकळ पट्टी गंजली की प्रश्न दिसण्याचा राहत नाही, गाडीच्या ताकदीचा होतो. म्हणून पहिल्या दिवशी बोनेट उघडूच नका. कार्पेट, मॅट सगळं बाहेर काढा, डिकीत स्टेपनीखालची जागा बघा, चाकांच्या वरचा आतला भाग बघा, पुढचं सस्पेंशन जिथे बॉडीला बोल्टने धरलंय तो भाग तर टॉर्च लावून बघा आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक सगळीकडे दाबून बघा. टणक लागलं तर वरचा गंज घासून, प्रायमर मारून निभावेल, टोक आत गेलं तर तो पत्रा कापावाच लागेल. बाहेरून चकचकीत असेल तर एका छोट्या लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून दरवाजे आणि मडगार्डवरून फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. आधीच्या कुणीतरी गंजावर लांबी लावून रंग मारलेला असतो आणि तो गंज आतून चालूच असतो, हे मी इतक्या गाड्यांत पाहिलंय की रंगावर माझा विश्वास राहिलेला नाही.

वेल्डिंग मात्र येत नसेल तर स्वतः करू नका, चांगला पत्रेवाला शोधा आणि त्याच्या शेजारी उभे राहा. दरवाज्याखालची पट्टी दोन्ही बाजूंची एकदम कापू द्यायची नाही, एका वेळी एकच बाजू, आणि कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा पाइप टाकून ती घट्ट करून घ्यायची, नाहीतर बॉडी किंचित खचते आणि मग दरवाजे जन्मात नीट लागत नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी काढा, जवळचे पेट्रोलचे पाइप आणि कार्पेट काढा, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. पेट्रोलची टाकी फुटकी असली तरी घरी तिला वेल्डिंगची ज्योत दाखवायची नाही, रिकामी टाकीसुद्धा आत वाफ धरून असते आणि ती फुटते.

पत्र्यानंतर ब्रेक. हो, इंजिनाच्या आधी ब्रेक, कारण गाडी सुरू झाली की आपल्याला राहवत नाही, गल्लीत एक चक्कर मारावीशी वाटतेच. चारही चाकांना ड्रम आहेत, आणि इतकी वर्षं उभ्या गाडीत चाकाकडचे छोटे सिलिंडर बहुतेक जाम असतात. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि ते पाणी सिलिंडरला आतून गंज चढवतं. सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडले असतील तर नुसतं रबर किट टाकून चालणार नाही, सिलिंडरच बदला. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला, जुना होज आतून फुगून बंद होतो आणि मग एक चाक धरूनच राहतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा आणि तो फडका पिशवीत बांधून टाका. ब्रेकच्या पाइपातली एअर काढताना पेडलकडच्या मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, आणि फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, रंग खातं ते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही नाही, दोन घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही, आणि हे एवढं काम झालं की एकदा अनुभवी मिस्त्रीला बोलवून तपासून घ्या.

आता इंजिन. सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस राहू द्या, मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढेमागे ढकलून बघा इंजिन फिरतंय का. मोकळं फिरलं तर तुमची अर्धी काळजी गेली. मग जुनं ऑइल बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा, कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) साफ करा, पण हवेने, तारेने नाही, तारेने जेटचं भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पॉइंट घासून किंवा नवे टाकून फीलर गेजने साधारण ०.४५ मिलिमीटर गॅप ठेवा. प्लगच्या वायर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, आणि विसरलात तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम, १-३-४-२. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, कूलंट टाका, आणि काटा लाल भागाकडे गेला की लगेच बंद करा, एकदा हेड वाकलं की मशिन शॉपची वारी आलीच. एवढं करून सुरू झाली, धूर बघितला, कॉम्प्रेशन मोजलं, आणि मग इंजिन उतरवायचं की नाही ते ठरवा, मोजल्याशिवाय नाही.

रंग सगळ्यात शेवटी, आणि तो पैसे देऊन करून घ्या.

प्रश्न : हल्ली माझ्या १९८५ च्या पद्मिनीत पेट्रोलचा वास येतो, मेकॅनिक म्हणतो इथेनॉलवाल्या पेट्रोलने होतंय. खरंच तसं असतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असतं, पण वास आला म्हणजे आधी गळती शोधायची, कारण कोणतंही असो, आणि ती सापडेपर्यंत गाडी चालवू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि तुमच्या गाडीचे रबरी होज, मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरचं गॅसकेट हे सगळं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेलं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ होतं, मग वाळून चिरा पडतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबरी होज एकदाच सगळा बदला आणि दुकानात इंजेक्शनच्या गाडीचा, इथेनॉल चालणारा होज मागा, व्हिटॉनचा मिळाला तर उत्तम, साध्या मीटरवारी काळ्या पाइपपेक्षा महाग आहे पण तिथे पैसे वाचवू नका. क्लिपही नव्या टाका.

दुसरं म्हणजे इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येतो, म्हणून पहिले काही महिने पारदर्शक फिल्टर लावून त्यावर लक्ष ठेवा. ते पाणीही धरतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणार, त्याला इलाज नाही, इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरमागे ऊर्जा कमी असते. चढावर इंजिन अडखळत असेल तर मिश्रण पातळ झालंय का, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय का, ते कार्बोरेटरचं काम जाणणाऱ्याकडून बघून घ्या.

प्रश्न : पार्ट मिळतात का अजून? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मिळतात, मेकॅनिकल पार्ट तर बऱ्यापैकी. तुम्ही पुण्यात आहात तर नाना पेठेत फिरा, जुन्या बाजारात चक्कर मारा, मुंबईला गेलात तर कुर्ला बघा, आणि सोबत जुना पार्ट घेऊन जा, नावावर विसंबू नका. ही गाडी इतकी वर्षं टॅक्सी होती म्हणून तिचे पार्ट इतके दिवस बनत राहिले, पण मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षं भरून बंद झाली, ते रोजचं गिऱ्हाईक आता नाही. म्हणून बेअरिंग, गिअर, ड्रम, काचा, क्रोमच्या पट्ट्या चांगल्या दिसल्या तर घेऊन ठेवा. रबर मात्र साठवू नका, ते शेल्फवरही म्हातारं होतं, लागेल तेव्हा ताजं घ्या.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ ची प्रीमियर प्रेसिडेंट (पद्मिनीचंच आधीचं नाव) आहे. व्हिंटेजची वेगळी नंबर प्लेट घ्यावी का? मी दर रविवारी गाडी चालवतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्ही नियमित चालवत असाल तर माझं मत, घेऊ नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची, रविवारची सहल त्यात बसत नाही. त्यापेक्षा नेहमीचं फिटनेस करून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करत राहा.

पुढेमागे व्हिंटेज करायचंच ठरलं तर त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, म्हणून आज कुणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो म्हणाला तर नाही म्हणा. आणि रंगाला देताना पेंटरला आधीच सांगा की चासी नंबर कोरलेल्या जागेवर लांबी आणि जाड प्रायमर नको, नंबर बोटाला लागला पाहिजे, त्याचा फोटो काढून आरसी बुकाबरोबर ठेवा.