पाणी प्या म्हणता, पण गाडीत लघवीचा जोर आला तर?

‘लाईट सुरू झाल्यापासून लघवीला आग होते, संडास पातळ होते. उपचार अर्ध्यावर सोडावा का?’ लाईट म्हणजे मशीनने दिलेले किरणोपचार. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरचा रुग्ण हे स्वतः क्वचितच विचारतो. विचारते ती सून, नाहीतर मुलगा. रुग्ण तेवढा वेळ खाली बघत बसतो.

हिंगणघाटकडचे हे काका 76 वर्षांचे. आजार ओटीपोटातल्या गाठींपर्यंत गेलेला, म्हणून दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन आणि सोबत आठवड्यातून 5 दिवस नागपूरला लाईट. तिसऱ्या आठवड्यात सून त्यांना घेऊन माझ्याकडे आली. लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, भरलेली नव्हती म्हणून मशीनवाल्यांनी त्यांना दोनदा टेबलावरून उठवून बाहेर बसवलं होतं. पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात, किरणांच्या वाटेत कमी येतात. हे मी त्यांना चित्र काढून समजावलं, ‘पाणी भरपूर प्या’ सांगितलं आणि आपलं काम झालं असं समजले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी माझं लक्ष त्यांच्या थैलीतल्या बाटलीकडे गेलं. झाकणाचं सील जसंच्या तसं.

‘‘काका, बाटली फोडलीच नाही?’’

सून औषध आणायला गेली, तेव्हा बोलले. ‘‘ताई, पानी पेलो का गाडीत जोर येते. कंडक्टर कुठी कुठी थांबवन? परवा धोतर ओलं झालं. बाजूले कालेजातली पोरगी बसली होती.’’

म्हणून ते सकाळपासून घोटभरही पाणी पीत नव्हते. किरणांनी पिशवीचं आतलं अस्तर सुजतं. त्यावरून घट्ट, पिवळी लघवी गेली की आग जास्तच होते. म्हणजे ज्या भीतीने पाणी सोडलं, तीच भीती आग वाढवत होती. आणि मी पाणी प्यायला सांगत होते, रस्त्यात जायचं कुठे हे न विचारता.

नागपुरात राहायची सोय होत होती, पण कापूस वेचायला आलेला. ते राहायला तयार नव्हते. मग बसचाच हिशेब मांडला. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी. ऑगस्ट 2022 पासून फुकट आहे. म्हणजे वाटेत बुटीबोरीला उतरून, मोकळं होऊन मागची गाडी पकडली तरी पैसा लागत नाही. हे ऐकल्यावर काका पहिल्यांदा हसले. नागपूरला पोचल्यावर आधी लघवी करायची, मग दवाखान्यातच अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि मशीनवाले सांगतील तेवढा वेळ थांबायचं. परतीच्या गाडीत बसण्याआधी पुन्हा जाऊन यायचं. घरी संध्याकाळपर्यंत पाणी भरपूर, जेवणानंतर कमी. चहा दिवसातून एकच, कारण चहानेही पिशवी चिडते. डॉक्टरांनी लघवी तपासून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली आणि धार मोकळी करणारी गोळी दिली. ही तपासणी टाळू नये. लघवी तुंबली, रक्ताच्या गाठी पडल्या, ताप आला, किंवा पाठ दुखून पायातलं बळ गेलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठावा.

संडासचं सोपं होतं. तर्री, ठेचा, कच्चा कांदा काही दिवस बंद. मऊ भात, वरण, केळ, ताक.

सगळ्यात जड गोष्ट मात्र सुनेनेच सांगितली. काका छपरीत एकटे झोपत, नातू जवळ आला की हाकलत. ‘‘माह्या अंगात करंट हाये, पोराले लागन.’’ बाहेरून मशीनने दिलेली किरणं मशीन बंद होताच संपतात, अंगात उरत नाहीत, असं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, ‘‘म्हंजे मांडीवर घेता येते?’’

‘‘येते.’’

आणखी एक प्रश्न त्यांनी दाराशी थांबून विचारला, बायकोबद्दलचा. इच्छा मेली याचं कारण मुख्यतः इंजेक्शन आहे, त्यांच्यात काही खोट नाही, एवढंच त्या दिवशी आम्ही बोललो.

लघवी-संडासचे हे त्रास बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात, शेवटी शेवटी वाढतात आणि लाईट संपल्यावर महिना-दीड महिन्यात बरेच उतरतात. काहींना पुढे अनेक महिन्यांनी संडासवाटे रक्त दिसतं, तेव्हा मूळव्याध समजून गावठी औषध घेऊ नये. काकांनी सगळे डोस पूर्ण केले. इंजेक्शनला आले तेव्हा रात्री सहा-सात वेळा उठणारा माणूस दोनदा उठत होता.

‘‘बुटीबोरीचा चायवाला ओळखते आता मले,’’ म्हणाले. ‘‘फुकट पाजतो म्हने. पन तुमीच बंद केला ना ताई.’’