मोज्याची टाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा शॉपवर आलास, चहा उभ्यानंच संपवलास आणि म्हणालास, "मिस्त्री, सकाळी घरात नुसता दंगा असतोय. कधी एकदा पोरं वर्दीच्या रिक्षात बसतात असं होतंय." मशीन चालू होतं, म्हणून मी काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. बोलायला लागलो की माझा आवाज कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, मशीनांच्या गोंगाटाच्या सवयीनं चढतो, त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

माझी थोरली पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मला आठच्या आत मशीनवर उभं राहायचं होतं, तिला वाटेत शाळेत सोडायचं होतं, आणि ही उंबऱ्यावर बसून मोजा घालत होती. टाचेचा फुगा पायाच्या वरच्या बाजूला आलेला. काढला, परत घातला, परत तेच. तिसऱ्या वेळी तिनं मोजा डोळ्याला लावून आत बघितलं, टाच कुठं गेली म्हणून. मी तो हिसकावला, खसकन चढवला आणि तिला दंडाला धरून उठवलं. रडली नाही. पण एरवी सायकलच्या दांडीवर तिची टकळी बंद व्हायची नाही, त्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत एक अक्षर बोलली नाही. तासाभरानं बुश, म्हणजे धातूची नळी, आतून बोअर करताना माझा कट जास्त लागला, भोक मोठं झालं आणि जॉब भंगारात गेला. मालकाच्या शिव्या खाल्ल्या, दुसरा तुकडा लावला, काम झालं. मोज्यात तिला काय दिसलं हे विचारायचं तेवढं राहिलं. आता विचारलं तर म्हणते, "बाबा, मला कुठलं आठवायला?"

पोरं उशीर करतात असं आपण म्हणतो. त्यांच्या लेखी 'शाळेला निघणं' हे काम नसतंच. मोजा हेच काम, दुधावरची साय बोटानं उचलणं हेच काम. चार वर्षांच्या पोराला 'दहा मिनिटं राहिली' म्हणजे काय ते कळत नाही. 'बाटली भरली की बूट' म्हटलं की कळतं.

शॉपवर तुला मी पहिल्या आठवड्यात काय शिकवलं होतं? जायच्या आधी उद्याचं टूल घासून ठेवायचं आणि जॉब मशीनच्या चकात, म्हणजे पकडीत, धरून जायचं. सकाळी आलं की फक्त बटण दाबायचं. घरी का नाही करत तसं? दप्तर, युनिफॉर्म, बूट-मोजे रात्रीच दाराशी लागले पाहिजेत. आणि पोरं वेळेवर झोपली पाहिजेत, हे त्याहून मोठं. तीन ते पाच वर्षांच्या पोराला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्याला ९ ते १२. तुझी धाकटी अकरा वाजेपर्यंत मोबाइल बघत असेल आणि साडेसहाला तू तिचं पांघरूण ओढत असशील, तर ती हट्टी नाही, तिची झोप कमी पडलीय. याच कारणानं शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका. आमच्या वेळी हे असतं तर माझा एक बुश वाचला असता.

एवढं करूनही रोज मजा येईल असं नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव बघायला आपण दोघं एकदा शॉप लवकर बंद करून गेलो होतो, आठवतंय? नोव्हेंबर होता. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत आलं, गरुड मंडप ओलांडला, पितळी उंबरा ओलांडला, आणि अंबाबाईच्या पायांपर्यंत पोचतंय न पोचतंय तोच ढग आला. तू हळहळलास. सगळा खेळ काही मिनिटांचा, आणि किरण वरपर्यंत चढतील की नाही ते ऊन आणि हवा ठरवणार. माणसाच्या हातात काय, तर वाटेतले अडथळे काढणं. महापालिका तेच करते, किरणांच्या वाटेत आलेला पत्रा, फलक, वाढवलेलं बांधकाम हटवते. आणि लोक येऊन उभे राहतात, कालही आले होते, उद्याही येतील. तुझ्या सकाळच्या वाटेतला सगळ्यात मोठा पत्रा तुझ्या खिशात आहे. सात वाजता मोबाइलवर गिऱ्हाइकांचे मेसेज बघतोस. ती माणसं नऊ वाजता पण तिथंच असतात.

आमच्या घरात पोह्यातले शेंगदाणे मोजायचा नाद होता. धाकटा ताटलीच्या कडेला एकेक दाणा लावायचा आणि ओरडायचा, "ताईला अकरा, मला नऊच!" थोरली, "मी नाही मोजलो, आईनं वाढलंय!" (आपल्याकडच्या पोरी 'मी मोजले' म्हणायला पुण्याला गेल्यावर शिकतात.) सुरुवातीला मी दोघांवर खेकसायचो. मग एके दिवशी माझे दोन दाणे उचलून त्याच्या ओळीत ठेवले. त्यानं दोन्ही दाणे हातात घेऊन वर-खाली बघितले, एक तोंडात टाकला आणि दुसरा मला परत दिला. "तुमाला पण भूक लागली असंल." असली गोष्ट ठरवून घडत नाही. त्या वेळी तू ताटलीसमोर बसलेला पाहिजेस, एवढंच.

एक सांगतो, राग मानू नकोस. हे पत्र सूनबाईला वाचून दाखवायला जाऊ नकोस. ती एका हातानं चपाती लाटतेय, दुसऱ्या हातानं वेणी घालतेय, आणि तू तिला सकाळचा आनंद कसा घ्यायचा ते सांगणार, तर लाटणंच खाशील. आधी डबे भरायचं काम तुझ्याकडं घे. मीसुद्धा फार उशिरा घेतलं.

सोमवारी आपल्याला सुट्टी असते आणि पोरांना शाळा असते. इतकी वर्षं मी ती सकाळ झोपून घालवली. तू या सोमवारी दोघांना घेऊन सातला गंगावेशीत ये. तिथं म्हैस समोर पिळून दूध देतात. धाकटीला पेल्यात तोंड घालू दे, नाकाला फेस लागेल, पुसू नकोस. नऊच्या शाळेला आरामात पोचाल. आणि येताना तिचा मोजा तिलाच घालू दे, वेळ लागला तर मी थांबतो.

तुझा,
मिस्त्री