प्राग फार गर्दीचं झालंय का? आणि जायला मे बरा की डिसेंबर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मेच्या सुट्टीत आईबाबा आणि मुलांना घेऊन प्रागला यायचंय, पण सगळीकडे 'आता तिथे पाय ठेवायला जागा नाही' असं वाचून धास्ती बसलीये, मग डिसेंबरात ख्रिसमस मार्केटच्या वेळी यावं का. मी इथे नोकरीसाठी राहतो आणि दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी नातेवाईक येतातच, त्यामुळे सांगू शकतो.

आधी आकडे. २०१९ मध्ये प्रागच्या हॉटेल-हॉस्टेलांत साधारण ८० लाख लोक उतरले होते, शहराची स्वतःची वस्ती १३ लाखांच्या वर, म्हणजे बघा. कोविडमध्ये २०२० साली ते २२ लाखांच्या आसपास आले, आणि २०२४ मध्ये परत ८० लाखांच्या वर. हे फक्त नोंद झालेले. जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून सकाळच्या ट्रेनने येऊन रात्री परत जाणारे यात नाहीतच. थोडक्यात गर्दी आहे, खोटं नाही.

पण गर्दी प्रागमध्ये नाही, एका रेषेवर आहे. पावडर टॉवरपासून सुरू करा, त्सेलेत्ना गल्ली, ओल्ड टाउन स्क्वेअर, कार्लोवा गल्ली, चार्ल्स ब्रिज, मग नेरुदोवाचा चढ आणि वर किल्ला. दोन-अडीच किलोमीटर असेल फार तर. याला रॉयल रूट म्हणतात कारण बोहेमियाच्या, म्हणजे जुन्या चेक राज्याच्या, राजांची राज्याभिषेकाची मिरवणूक याच रस्त्याने वर जायची. शेवटचा राज्याभिषेक १८३६ मध्ये झाला, राजे गेले, आता मिरवणूक आपली. आणि मधे तो पूल. १३५७ मध्ये राजा चौथ्या चार्ल्सने पाया घातला, आणि १८४१ पर्यंत प्रागमध्ये नदी ओलांडायला तेवढा एकच पूल होता, म्हणून जुनं शहर सगळं त्याच तोंडाशी येऊन मिळतं. दुपारी बारा वाजता कार्लोवा गल्लीत शिरलात तर विसर्जनाच्या दिवशीचा लक्ष्मी रोड आठवेल, फक्त ढोल नाहीत.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट म्हणजे लोक इथे राहतातच कमी. सरासरी सव्वादोन रात्री वगैरे. आपल्याकडच्या टूरमध्ये तर प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट असा त्रिकोण ठरलेला असतो, प्रागच्या वाट्याला दोन रात्री, त्यातली एक प्रवासाच्या थकव्यात जाते. मग उरलेल्या एका दिवसात प्रत्येकाला ओल्ड टाउन स्क्वेअरमधलं तेच जुनं घड्याळ, तोच पूल, तोच किल्ला बघायचाय, आणि तोही दहा ते पाचमध्येच, कारण नाश्ता हॉटेलात आणि बस परत सहाला. ८० लाख लोकांनी हे एकच टाइमटेबल पाळलं तर दुसरं काय होणार?

कोण येतं हेही बदललंय, आणि तुमच्या तारखांशी त्याचा थेट संबंध आहे. जर्मन कायम एक नंबरवर. आधी रशियन आणि चिनी ग्रुप खूप असायचे, कोरियन तर २००५ मध्ये त्यांच्याकडे प्रागमध्ये शूट झालेली एक मालिका गाजल्यापासून यायला लागले. ऑक्टोबर २०२२ पासून रशियन पर्यटकांना चेकने प्रवेशच बंद केला, चिनी ग्रुप कोविडनंतर हळूहळूच परतले, आणि ती जागा स्लोव्हाकिया, पोलंड अशा शेजाऱ्यांनी भरली. शेजारी म्हणजे गाडी काढली की आले, म्हणजे वीकेंडला आले. त्यामुळे आता गर्दी महिन्यापेक्षा वारावर जास्त अवलंबून आहे असं माझं मत. मेमध्ये १ आणि ८ तारखेला इथे सुट्टी असते, जर्मनीत १ मे असतोच शिवाय असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार, या दोन सुट्ट्या ईस्टरप्रमाणे दरवर्षी सरकतात पण बहुतेक मेमध्ये किंवा जूनच्या सुरुवातीला येतात. तर बुकिंगआधी जर्मनीचं कॅलेंडर उघडा, आपलं नाही. रविवारी दुपारी या आणि गुरुवारी निघा, हॉटेलपण बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

शुक्रवार-शनिवार रात्रीचा वेगळाच विषय. २००४ मध्ये चेक युरोपियन युनियनमध्ये आला आणि स्वस्त विमानं सुरू झाली, तेव्हापासून ब्रिटिश पोरं लग्नाआधीची बॅचलर पार्टी करायला प्रागला येतात कारण बिअर स्वस्त. शहर याला वैतागलंय. मधे ती सायकलसारखी पेडल मारत बिअर प्यायची गाडी असायची, ती सेंटरमधून काढली, सेगवे म्हणजे उभं राहून चालवायच्या दोनचाकी बॅटरी गाड्या २०१६ मध्येच गेल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा गाइड घेऊन पबमागून पब फिरवणाऱ्या टूर्सवर बंदी आणली. लोकांना पाहुणे नकोत असं नाही हो, पण प्राग १ म्हणजे अगदी मधल्या भागात आता तीस हजारांच्या आसपासच माणसं राहतात, बऱ्याच जुन्या फ्लॅटांच्या दाराला की-बॉक्स लटकलेत, म्हणजे ते पर्यटकांना भाड्याने दिलेत. आईबाबा बरोबर असतील तर तिथे राहूच नका. कार्लिन, विनोह्राडी, लेत्ना यातलं काहीही घ्या, ट्रॅम-मेट्रोने दहा-पंधरा मिनिटं. कार्लिन २००२ च्या पुरात पार बुडालं होतं, आता चांगली बेकरी-कॅफे असलेला सपाट भाग आहे, गुडघे दुखणाऱ्यांना सोयीचा.

मे की डिसेंबर, तर मुलं लहान असतील तर मे, डोळे झाकून. मेच्या शेवटी रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे संध्याकाळी सात वाजता ग्रुप जेवायला गेले की तुम्हाला दोन तास मोकळे. डिसेंबरात चार वाजता अंधार, थंडी शून्याच्या आसपास, आणि मार्केटमुळे ओल्ड टाउन स्क्वेअर शनिवारी अक्षरशः हलत नाही. मार्केट नोव्हेंबरअखेरपासून ६ जानेवारीपर्यंत असतं. खरं रिकामं प्राग हवं असेल तर त्यानंतर, मार्च उजाडेपर्यंत. पण तेव्हा मुलांची शाळा.

आता फिरायचं कसं. रेषा उलटी करा. सकाळी २२ नंबरच्या ट्रॅमने थेट वर प्राझ्स्की ह्राड स्टॉपला उतरा, किल्ल्याचं आवार सहा वाजता उघडतं आणि आवारात फिरायला तिकीट नाही, सेंट व्हिटस कॅथेड्रल आतून बघायचं असेल तर नऊपर्यंत थांबावं लागेल (रविवारी दुपारनंतरच, सकाळी मास म्हणजे चर्चची प्रार्थना असते). मग उतरत खाली या, चढणारी गर्दी तुम्हाला समोरून भेटेल. पूल भरलेला दिसला तर शेजारच्या मानेस पुलावरून जा, चार्ल्स ब्रिजवर उभं राहून चार्ल्स ब्रिज दिसत नाही, इथून दिसतो. १४१० च्या त्या घड्याळाखाली तासाला सगळे मोबाइल वर करून उभे असतात, सांगाडा दोरी ओढतो, येशूच्या शिष्यांच्या मूर्ती खिडकीतून जातात, मिनिटभरात खेळ खलास, तेवढ्यात खिसेकापूंचं काम होतं. बॅग पुढे घ्या.

पैशाचं एक. इथे युरो नाही, क्राउन चालतो. 'झिरो कमिशन' पाटीवाल्या दुकानांत नोटा बदलू नका, कार्ड वापरा, मशीनने कुठल्या चलनात पैसे कापायचे विचारलं तर क्राउनच निवडा. बदलल्याच आणि रेट घाण मिळाला, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, पावती मात्र जपा. स्क्वेअरमधल्या स्टॉलवर हॅमचा भाव १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो आणि समोर आलेला तुकडा अर्धा किलोचा, हे खाणाऱ्यांसाठी. आणि त्रदेल्निक नावाचं ते गोल गोड काय विकतात ते 'प्रागचं पारंपरिक' वगैरे काही नाही, पर्यटकांसाठीच वाढलंय, मुलं खातील, खाऊ दे. शाकाहारी असाल तर पबमध्ये 'स्माझेनी सिर' म्हणजे तळलेलं चीज जवळपास कुठेही मिळतं, व्हेगन जागाही बऱ्याच आहेत.

चार रात्री ठेवा, दोन नको. एक दिवस ट्रेनने कुत्ना होरा या जुन्या गावाला, तासाभरावर आहे, एक संध्याकाळ विशेह्राड या जुन्या किल्ल्यावर, नदीवर उंच बसायला. तुमचा शनिवार ज्यू वस्ती बघण्यात येत असेल तर बदला, योसेफोवमधली सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असते.