नवऱ्यानंच जबरदस्ती केली तर?

‘मॅडम, नवऱ्याविरुद्ध अशी तक्रार करता येते का?’ समुपदेशनात हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो. आधी झोप लागत नाही, डोकं दुखतं, मुलं ऐकत नाहीत, असं सगळं बोलून होतं. मग उठता उठता हे.

सुनीता (नाव आणि तपशील बदलले आहेत) अशीच आली. सिडकोत घर, नवरा अंबडच्या कारखान्यात. त्याची सेकंड शिफ्ट असली की तो जेवून झोपेपर्यंत ही घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची. तरी तो हाताला धरून आत न्यायचाच. शेजारी मुलगी झोपलेली, म्हणून हिनं ओरडायचंही नाही. सासू म्हणाली, ‘नवराच आहे ना, परका थोडाच आहे?’ आईनंही ‘सहन कर’ म्हणून परत पाठवलं.

मी तिला खरं ते सांगितलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अपवाद आहे. बायको अठरा वर्षांखालची नसेल, तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर कायदा सुधारायला नेमलेल्या वर्मा समितीनं २०१३ मध्येच हा अपवाद काढायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचं यावर एकमत झालं नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मात्र हीच बायको नवऱ्यापासून वेगळी राहत असेल, तर कलम ६७ प्रमाणे तीच जबरदस्ती गुन्हा ठरते, शिक्षा दोन ते सात वर्षं. म्हणजे लग्न झालं की कायमची संमती मिळाली, असं कायदाही मानत नाही. मग एका छताखाली राहणारीनं काय पाप केलं? वेगळं राहायला माहेरचा आधार लागतो, हातात पैसा लागतो.

सुनीताच्या भावाला खोट्या केसेसची धास्ती होती. मी त्याला विचारलं, बायकोचा हात मोडला तर नवऱ्यावर गुन्हा होतो, त्यात कधी खोटी तक्रार होत नाही का? म्हणून तो कायदा कुणी काढा म्हणत नाही. खरं-खोटं कोर्ट पुराव्यावर ठरवतं. हा अपवाद जायलाच हवा.

तोवर हातात आहे ते वापरायचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. सुनीतानं या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, त्यांनी घटनेचा अहवाल कोर्टात पाठवला. नवऱ्यानं छळ करू नये, असा कोर्टाचा संरक्षण आदेश मिळाला. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे कळल्यावर नवरा बाहेरच्या खोलीत झोपू लागला. राहतं घर तिला सोडावं लागलं नाही. घटस्फोटाचं तिनं अजून ठरवलेलं नाही, मीही घाई करत नाही.

जखम असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरांना कारण खरं सांगा आणि कागद जपून ठेवा. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. रात्रीच जिवावर बेतलं तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२.