गेर संपल्यानंतरचे तीन तास

आपण विचारले आहे की दारू सोडून पाच महिने झाले आहेत, होळी तोंडावर आली आहे, मित्रमंडळी दरवर्षीप्रमाणे रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, पाहायला आणि तिथून कोणाच्या तरी गच्चीवर जाणार आहेत, तर आपण त्यांच्याबरोबर जावे की घरात दार लावून बसावे. मीही इंदूरचाच आहे. दारू सोडल्यानंतरची पहिली रंगपंचमी मी निभावली, पण त्याच वर्षीची गटारी मला निभावता आली नाही. माझी आजची अकरा वर्षे त्या गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून मोजलेली आहेत.

आपल्या प्रश्नात गटारीचा उल्लेख नाही, तरीही मी सुरुवात तिथूनच करतो, कारण सणाची दारू म्हणजे नेमके काय हे मला त्या अमावास्येने शिकवले. आषाढ अमावास्येच्या रात्री पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, हा क्रम मी कित्येक वर्षे चालवला. सुरुवातीची काही वर्षे तो महिना मी खरोखर कडक पाळत असे, आणि त्यामुळेच मी बरीच वर्षे डॉक्टरांकडे गेलो नाही. जो माणूस महिनाभर दारूला शिवत नाही तो व्यसनी कसा, असे मी पत्नीला विचारत असे आणि तिच्याजवळ त्याला उत्तर नसे. इंदुरात तर त्यात आणखी एक सोय होती. आपला महिना अमावास्येला संपतो आणि इथल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांचा पौर्णिमेला, म्हणून त्यांचा सावन आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, राखीला संपतो, आणि आपली गटारी त्यांच्या हरियाली अमावास्येला येते. सावन लागला की मी म्हणायचो, आपला श्रावण अजून कुठे सुरू झाला. आणि राखी झाली की म्हणायचो, चला, इथला सावन तर संपला. दोन पंचांगांच्या मध्ये माझा महिन्याचा श्रावण असा पंधरा दिवसांवर आला. मी पंचांग पाहून प्यायचो आणि पंचांग पाहूनच सोडायचो, आणि त्याला संयम म्हणायचो.

इथे एक गोष्ट आपल्यासाठी नव्हे, तर हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. जो माणूस रोज आणि भरपूर पितो त्याने सणाच्या मुहूर्तावर एकदम दारू बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम, भास आणि ज्वर यांची अवस्था येऊ शकते, जी उपचाराविना जिवावर बेतते. एका श्रावणात दुसऱ्या दिवशी माझ्या हातातून पूजेचे ताम्हन निसटले आणि घरच्यांना वाटले की उपवासाने अशक्तपणा आला आहे. अशा माणसाने सोडावी जरूर, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. गेर पाहायला आपण जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. टँकरवरचे पंप चार-पाच मजले उंच रंग उडवत असतात, राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत कोणी कोणाला पेला भरून देत बसत नाही. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये गेर निघाली नव्हती, तेव्हा या शहराला काय चुकल्यासारखे वाटले होते ते आपल्यालाही आठवत असेल. ती स्वतःवर बंद करून घेण्याचे काही कारण नाही. धोका आहे तो गेर संपल्यानंतरच्या तीन तासांत. माणूस सकाळपासून उन्हात असतो, पोहे-जलेबी केव्हाच जिरलेली असते, अंग दुखत असते, आणि घरी जाऊन अंघोळ करण्याआधी ‘दोन मिनिटे’ कोणाच्या तरी गच्चीवर बसायचे ठरते. मध्य प्रदेशात एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांचे अहाते, म्हणजे दुकानालगत बसून प्यायच्या जागा, बंद झाले, हे चांगलेच झाले, परंतु माझ्या परिचयातल्या मंडळींच्या बैठका त्यामुळे गच्चीवर आणि मोटारीत आल्या. अहात्यात जायला निदान वाट वाकडी करावी लागत असे, गच्ची मात्र आपल्या सख्ख्या मित्राची असते आणि जिन्यात त्याची आई विचारते, ‘अरे, वर नाही जात का?’

म्हणून जाण्याआधी परत येण्याची वेळ ठरवावी आणि ती घरी सांगून ठेवावी. स्वतःचे वाहन न्यावे. दुसऱ्याच्या मागे बसून गेलेला माणूस दुसऱ्याच्या वेळेनेच परततो. मित्रांपैकी ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे अशा एकालाच दोन दिवस आधी खरे काय ते सांगावे, सगळ्यांना सांगत बसू नये. बाकीच्यांना ‘मी घेत नाही’ एवढे तीन शब्द पुरतात. पित्ताचे, औषधाचे किंवा नवसाचे कारण देऊ नये, कारण कारण दिले की त्यावर वाद घालता येतो आणि प्यायलेल्या माणसाला वादाला वेळच वेळ असतो. हातात शिकंजीचा भरलेला पेला असू द्यावा, आणि तो एकदा खाली ठेवला तर पुन्हा उचलू नये.

भांगेबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ‘ही काही दारू नव्हे’ हे वाक्य आपल्याला होळी ते रंगपंचमी या पाच दिवसांत निदान चार वेळा ऐकू येईल. भांग पोटातून जाते म्हणून तिचा अंमल तास-दीड तासाने चढतो, तोवर माणूस दुसरा पेला घेऊन मोकळा झालेला असतो, आणि एकदा विवेक सैल झाला की पुढचा हात कशाकडे जाईल याची हमी नसते. बाहेरची थंडाई मी घेत नाही. बडीशेप, मगज, खसखस, मिरी आणि बदाम भिजवून वाटायला घरी अर्धा तास लागतो.

दारू प्यायल्यास शरीराला त्रास व्हावा म्हणून डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी आपण घेत असाल, तर ‘सणापुरती चार दिवस बंद ठेवू’ हा विचार मनात येऊ देऊ नका. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम शरीरात राहू शकतो आणि त्यावर दारू घेतली तर प्रसंग गंभीर होतो. त्याच कारणाने ही गोळी घरच्यांनी चोरून भाजीत किंवा चहात घालू नये. मी हे होताना पाहिले आहे.

सासुरवाडीचा आग्रह हा वेगळा प्रकार आहे, तिथे पत्नीने आधी फोन करून सांगितलेले बरे. जावयाने स्वतः नाही म्हटले की मेहुण्यांना तो संकोच वाटतो. एकतीस डिसेंबर मात्र मला सोपा वाटतो. त्या रात्री आम्ही सहकुटुंब सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला जातो आणि गर्दीत बारा कधी वाजले ते कळत नाही.

इतके करूनही ओढ येईल, आणि ती आली म्हणजे आपले काही चुकले असे समजू नये. बहुतेक वेळा ती अर्ध्या तासाच्या आत ओसरते, आणि तो अर्धा तास एकट्याने काढण्यापेक्षा फोनवर काढावा. ११ मे १९३५ रोजी, मातृदिनाच्या आदल्या संध्याकाळी, न्यूयॉर्कचा बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एका हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता; धंद्याचे काम फसले होते, बारमधून हसण्याचे आवाज येत होते, आणि त्याला दारू सोडून आपल्यासारखेच पाच महिने झाले होते. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे गेला आणि चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवत कोणी दुसरा दारुडा भेटेल का ते शोधू लागला. दुसऱ्या दिवशी त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. आपल्याला इतके शोधावे लागणार नाही. तिच्या मीटिंगला जात असाल तर तिथल्या दोघांचे क्रमांक आजच घेऊन ठेवा. जात नसाल तर होळीच्या आधी एकदा जाऊन या. कोणीच उचलले नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ किंवा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे.

माझ्या गटारीला यातले मी काहीच केले नव्हते. ‘फक्त मटणाला जातो’ असे म्हणून गेलो, नऊ वाजता एक पेग घेतला आणि लगेच वाटले की आता सात महिने वाया गेलेच आहेत, मग हात आखडता कशाला घ्यायचा. मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी याच विचारावर बरेच काम केले आहे: पहिल्या पेल्यापेक्षा ‘आता सगळे संपले’ ही समजूत माणसाला अधिक खोल नेते. मला त्या रात्री एका पेल्यावर उठून घरी येता आले असते, हे फार उशिरा कळले.

रंगपंचमीला मात्र मी गच्चीच्या जिन्यापाशी थांबून मीटिंगमधल्या एका वडीलधाऱ्या सोबत्याला फोन केला होता. ते म्हणाले, ‘तिथेच उभा राहा, मी येतो.’ ते स्कूटरवरून आले, मला घरी घेऊन गेले, काकूंनी पुढ्यात वरण-भात वाढला, आणि नंतर आम्ही दोघे मागच्या अंगणातल्या नळावर बेसन लावून रंग घासत बसलो. सात वाजता मीटिंग होती. दोघेही कानामागे हिरवा रंग तसाच घेऊन तिथे गेलो.